खडकाचा ताणातला मॉड्युलस आणि दाबातला मॉड्युलस: एकच आकडा धरायचा का?

गाभानमुना

मंडळी, मध्यम दाण्याच्या ग्रॅनाइटवर काम चालू आहे. सगळे कोअर (खडकातून कापून काढलेले दंडगोल नमुने) एकाच ठोकळ्यातून, ५४ मिमी व्यासाचे. दाबाच्या चाचणीत यूसीएस (एका दिशेने दाबल्यावर फुटण्याची ताकद) १६० मेगापास्कलच्या आसपास येते आणि निम्म्या ताकदीवरचा स्पर्शिका मॉड्युलस (ताठरपणा, म्हणजे स्ट्रेस-स्ट्रेन वक्राचा त्या बिंदूवरचा उतार) ५० गिगापास्कल. त्याच कोअरच्या २७ मिमी जाडीच्या चकत्या कापून ब्राझिलियन टेस्ट (चकती व्यासाच्या वरखालच्या टोकांवर दाबून मध्यात आडवा ताण आणायचा) केली, मध्यभागी आडवा स्ट्रेन गेज लावून. चकत्या २५ किलोन्यूटनच्या जवळपास फुटल्या. २० किलोन्यूटन भाराला गेज ४२० मायक्रोस्ट्रेन (मूळ लांबीच्या दशलक्षांशांत मोजलेली वाढ) दाखवतो. पुस्तकातल्या नेहमीच्या सूत्रात घातलं तर मॉड्युलस ३६ येतो.

आता मॉडेलमध्ये मॉड्युलसचा रकाना एकच आहे. ५० घालू की ३६? त्याआधीचा प्रश्न म्हणजे हा फरक खडकात खरोखर आहे, की माझ्या मोजण्याच्या पद्धतीतून आलाय? स्टीलमध्ये असा प्रश्नच येत नाही, म्हणून विचारतोय.

प्लॅटनवाला

आधी दाबाची बाजू तपासू. ५० हा आकडा कुठून घेतला, गेजवरून की मशीनच्या क्रॉसहेडच्या (भार देणाऱ्या हलत्या भागाच्या) हालचालीवरून? क्रॉसहेडवरून घेतला असेल तर त्यात फ्रेमचं ताणलं जाणं, गोलाकार सीटचं बसणं, प्लॅटन (दाबणारी पाटी) आणि नमुन्यामधली फट, सगळं मिसळलेलं असतं आणि मॉड्युलस बराच कमी दिसतो. ग्रॅनाइटसारख्या ताठर खडकात ही चूक सर्वांत मोठी, कारण खडकाचं स्वतःचं आकुंचनच मुळात थोडं.

नमुन्याची टोकं किती सपाट आहेत? आयएसआरएमच्या (खडक-यांत्रिकीच्या आंतरराष्ट्रीय संस्थेच्या) पद्धतीत ०.०२ मिमी मागितलंय. लांबी-व्यास गुणोत्तर किती?

गाभानमुना

गेजच. दोन उभे, दोन परिघावर. गुणोत्तर २.५. टोकं घासून डायल गेजवर तपासली आहेत, ०.०२ च्या आत. दोन्ही उभ्या गेजांत शेवटपर्यंत फारसा फरक नाही, म्हणजे भार मध्यातून जातोय असं समजतो. पॉइसन गुणोत्तर (आडवा फुगवटा भागिले उभं आकुंचन) निम्म्या ताकदीवर ०.२५.

प्लॅटनवाला

मग दाबाच्या बाजूला माझी तक्रार नाही. ५० वर विश्वास ठेवा.

भेगाळ

फरक खडकात आहे, आणि त्याचं कारण सूक्ष्म भेगा. ग्रॅनाइट थंड होताना, आणि पुढे वरचं ओझं कमी होत पृष्ठभागाजवळ येताना, दाण्यांच्या सीमांवर आणि दाण्यांच्या आत हजारो चपट्या भेगा पडलेल्या असतात. क्वार्ट्झ आणि फेल्डस्पार तापमानाला आणि दाबाला सारखा प्रतिसाद देत नाहीत, म्हणून. दाब दिला की भाराला आडव्या असलेल्या भेगा मिटतात. मिटलेली भेग भार पुढे पाठवते, म्हणजे खडक जवळजवळ अखंड असल्यासारखा वागतो. ताणात त्याच भेगा उघडतात, आणि उघड्या भेगेच्या दोन काठांमधून काहीच पलीकडे जात नाही. वह्यांचा गठ्ठा वरून दाबला तर घट्ट होतो, वरची वही उचलली तर खालची तिथेच राहते, तसं.

जे. बी. वॉल्श यांनी १९६५ मध्ये हे गणितात बसवलं. भेग किती दाबाला मिटेल हे तिच्या जाडी आणि लांबीच्या गुणोत्तरावर ठरतं. गुणोत्तर एक हजारांश आणि खनिजाचा मॉड्युलस ७० गिगापास्कल धरला तर मिटण्याचा दाब ५५ ते ६० मेगापास्कल निघतो. म्हणजे तुमच्या ८० मेगापास्कलच्या बिंदूपर्यंत अशा भेगा मिटून गेलेल्या आहेत. त्याहून गोलसर पोकळ्या तशाच राहतात.

पडताळून बघायचं असेल तर एक नमुना ६०० अंशांपर्यंत हळूहळू तापवा आणि हळूहळूच थंड करा. क्वार्ट्झ ५७३ अंशांना स्फटिकरचना बदलतो, एकदम फुगतो, आणि खडकभर नव्या भेगा पडतात. त्यानंतर दाबाच्या वक्राची सुरुवातीची खोलगट वाकण लपत नाही, आणि ताण-दाबातला फरकही वाढलेला दिसतो.

पत्थरदिल

भेगाळताईंचा प्रतिसाद वाचून ग्रॅनाइटकडे बघायची नजरच बदलली. वाचतोय.

आकडेमोड

गाभानमुना, तुमचा ३६ हा आकडा ताणाचाही नाही आणि दाबाचाही नाही. कसा, ते सांगतो.

चकतीच्या मध्यबिंदूवर आडवा ताण असतो २ गुणिले भार भागिले (पाय गुणिले व्यास गुणिले जाडी). तुमच्या मापांत पाय गुणिले ५४ गुणिले २७ म्हणजे ४५८० चौ. मिमी. २० किलोन्यूटनला ताण ८.७३ मेगापास्कल. पण त्याच बिंदूवर उभा दाबही आहे, बरोबर तिप्पट, म्हणजे २६.२ मेगापास्कल. तुमचा आडवा गेज दोन्हींचा परिणाम एकत्र मोजतो: ताणामुळे झालेली वाढ, आणि उभ्या दाबामुळे बाजूला झालेला फुगवटा.

नेहमीचं सूत्र दोन्हींसाठी एकच मॉड्युलस धरतं, म्हणून ताणाला (१ अधिक ३ पट पॉइसन) ने गुणून स्ट्रेनने भागतं. ८.७३ गुणिले १.७५ भागिले ४२० मायक्रोस्ट्रेन, आले ३६.४. दोन मॉड्युलस वेगळे आहेत असा संशय असेल तर तेच सूत्र वापरून कसं चालेल?

वेगळं करून बघा. दाबाचा मॉड्युलस ५० आणि पॉइसन ०.२५ घेतला तर फुगवट्याचा वाटा २६.२ गुणिले ०.२५ भागिले ५०,००० म्हणजे १३१ मायक्रोस्ट्रेन. ४२० मधून वजा केला तर उरले २८९. हा ताणाचा शुद्ध वाटा. ८.७३ भागिले २८९ मायक्रोस्ट्रेन, म्हणजे ताणातला मॉड्युलस ३०.२ गिगापास्कल.

काही अहवालांत उभ्या दाबाचा वाटा धरलेलाच नसतो. तसं केलं तर इथे २०.८ येईल. एकाच मोजमापातून २१, ३० आणि ३६. म्हणून कुठलं सूत्र वापरलं हे लिहिल्याशिवाय ब्राझिलियनवरून काढलेला मॉड्युलस मी वाचतच नाही.

कोअरबॉक्स

+१. हे गणित छापून मशीनशेजारी लावतोय.

सरळताण

आकडेमोड यांचं गणित बरोबर आहे, पण मुळात ब्राझिलियनवरून ताणातला मॉड्युलस काढूच नये असं माझं ठाम मत आहे. ती चाचणी ताकदीसाठी जन्माला आली. १९४३ मध्ये ब्राझीलमध्ये फर्नांदो कार्नेइरो यांनी काँक्रीटसाठी मांडली, जपानमध्ये अकाझावा यांनीही त्याच सुमारास स्वतंत्रपणे. मध्यबिंदूवर द्विअक्षीय अवस्था आहे, ताण जागोजागी बदलतो, आणि खडक दुहेरी मॉड्युलसचा (ताणात एक, दाबात दुसरा) असेल तर ताणाचं ते सूत्रही काटेकोर राहत नाही, कारण ते एकाच मॉड्युलसच्या गृहीतावर काढलंय.

ताणातला मॉड्युलस हवा तर थेट ताणा. दंडगोल नमुना, दोन्ही टोकांना एपॉक्सीने धातूच्या कॅप, मध्यावर तीन उभे गेज १२० अंशांवर. संपूर्ण मधल्या भागात एकसारखा, एकाच दिशेचा ताण. स्ट्रेनने भागा, झालं. काही गृहीत धरावं लागत नाही.

प्लॅटनवाला

सरळताण, कागदावर पटतं, पण मशीनवर उभे राहून सांगा. कोअरचा अक्ष आणि भाराची रेषा १ मिमीनेही सरकली तर काय होतं? गोल छेदाला वाकवण्याचा जादा ताण म्हणजे सरासरीच्या ८ गुणिले सरक भागिले व्यास. ५४ मिमीला १ मिमी सरक म्हणजे एका काठावर जवळपास १५ टक्के जास्त. तिथूनच तुटायला सुरुवात होते आणि ताकद कमी मोजली जाते. दाबात एवढी सरक झाली तर खडक पुष्कळदा सांभाळून घेतो, ताणात नाही.

शिवाय अर्धे नमुने कॅपजवळ तुटतात आणि बाद करावे लागतात. मऊ वालुकाश्मात तर गोंद धरून राहतो आणि गोंदाखालचा दाण्यांचा थर सोलून येतो.

सरळताण

तुम्ही म्हणता ते ताकदीबाबत. मॉड्युलससाठी नमुना तोडायची गरजच नाही. निम्म्या ताकदीपर्यंत जाऊन परत यायचं. आणि तीन गेज कशासाठी सांगितले? वाकण झाली तर एक जास्त दाखवतो, दुसरे कमी, पण तिघांची सरासरी अक्षावरचा स्ट्रेनच देते. तिघांतल्या फरकावरून किती वाकण झाली तेही कळतं, म्हणजे चाचणी चांगली झाली की वाईट याचा पुरावा त्याच नोंदीत मिळतो. ब्राझिलियनमध्ये असा पुरावा कुठून आणणार? जोडणीला दोन्हीकडे साखळी किंवा लवचीक तार वापरली की सरकही आटोक्यात येते.

पत्थरदिल

चालू द्या वाद, इकडे फुकट शिकवणी मिळतेय :)

तुळई

तिसरा रस्ता कुणी सांगितला नाही म्हणून लिहिते. आयताकृती तुळई कापा आणि चार बिंदूंवर वाकवा. मधल्या दोन बिंदूंमध्ये वाकण एकसारखी असते. वर एक गेज, खाली एक गेज.

दोन्ही मॉड्युलस सारखे असतील तर वरचा आणि खालचा स्ट्रेन सारखा. ताणाची बाजू मऊ असेल तर उदासीन अक्ष (जिथे ना ताण ना दाब) मधून दाबाच्या बाजूला सरकतो, कारण ताणाच्या बाजूला तेवढंच बल तयार करायला जास्त खोली लागते. तोल असा बसतो: ताणाचा मॉड्युलस गुणिले ताणाच्या खोलीचा वर्ग बरोबर दाबाचा मॉड्युलस गुणिले दाबाच्या खोलीचा वर्ग. स्ट्रेन खोलीच्या प्रमाणात, म्हणून वरच्या आणि खालच्या स्ट्रेनच्या भागाकाराचा वर्ग केला की थेट दोन मॉड्युलसचं गुणोत्तर. भार किती होता हेसुद्धा लागत नाही!

इथले ५० आणि ३० घेतले तर खालचा स्ट्रेन वरच्याच्या १.२९ पट यायला हवा. गेजला हा फरक सहज पकडता येतो.

सरळताण

तुळईताई, गुणोत्तरासाठी ही चाचणी मलाही आवडते, कारण ताण आणि दाब एकाच नमुन्यात, एकाच दिशेने, एकाच वेळी मोजले जातात. फक्त त्यावरून ताणातली ताकद काढू नका. वाकवून काढलेली ताकद थेट ताणाहून जास्त येते, कारण सर्वांत जास्त ताण फक्त खालच्या पातळ थरात असतो, आणि सूत्र अक्ष मध्यावर धरून लिहिलेलं असतं.

कोअरबॉक्स

थोडं अवांतर. गेजची लांबी कशी ठरवता? आमच्याकडे दोन मतं आहेत. एक, लांबी दाण्याच्या किमान दहापट हवी, नाहीतर एखाद्या फेल्डस्पारच्या दाण्याचाच मॉड्युलस मोजाल. दुसरं, चकतीवर लांब गेज नकोच.

आकडेमोड

दोन्ही बरोबर आहेत आणि ब्राझिलियनची अडचण तीच आहे. मध्यापासून बाजूला जाल तसा ताण पडत जातो. ५४ मिमी चकतीवर १० मिमीचा गेज मध्यबिंदूपेक्षा सरासरी ४ टक्के कमी स्ट्रेन दाखवतो, २० मिमीचा जवळपास १४ टक्के. १० मिमीपर्यंत दुरुस्ती करून भागतं. दाणा ३-४ मिमीचा असेल तर दहापटीच्या नियमाने ३०-४० मिमीचा गेज लागेल, आणि तो या चकतीवर निरर्थक. अशा खडकाला मोठी चकती घ्या किंवा तुळई.

भेगाळ

गेज चिकटवण्याबद्दलही. सच्छिद्र खडकावर आधी एपॉक्सीचा पातळ थर देऊन छिद्रं भरतात, तो वाळल्यावर घासून मग गेज. थर जाड राहिला तर मऊ खडकात गेज एपॉक्सीचा ताठरपणाही मोजायला लागतो. आणि ताणात एकूण स्ट्रेनच दोन-चारशे मायक्रोस्ट्रेनचा, म्हणून तापमानाची सरक दाबापेक्षा इथे कितीतरी जास्त बोचते. त्याच खडकाच्या बिनभाराच्या तुकड्यावर दुसरा गेज लावून तो ब्रिजमध्ये (गेजच्या मोजणीच्या सर्किटमध्ये) जोडा.

वक्ररेषा

सगळा धागा वाचला. मूळ तुलनेतच गफलत आहे असं मला वाटतं. ५० हा आकडा ८० मेगापास्कल दाबावरचा. ३० हा आकडा ९ मेगापास्कल ताणावरचा. दोन वेगळ्या पातळ्यांवरची तुलना आहे ही, ताण विरुद्ध दाब नव्हे.

ग्रॅनाइटचा दाबाचा वक्र सुरुवातीला मऊ असतो, भेगा मिटतात तसा ताठ होत जातो. भार शून्य असताना भेगा उघड्याच आहेत. तिथून किंचित दाबलं काय किंवा किंचित ताणलं काय, खडकाला तेवढ्यात काय फरक कळणार? वक्र शून्यातून सलग जायला हवा. शून्याच्या डावीउजवीकडे एकदम दोन वेगळे उतार असतील असं दाखवणारी मोजणी मला तरी पटलेली नाही. दुहेरी मॉड्युलस म्हणजे शून्यावर मोडलेल्या दोन सरळ रेषा, ही गणिताची सोय आहे. खडकाकडे एकच वक्र आहे, ताणाच्या टोकापासून दाबाच्या टोकापर्यंत ताठ होत जाणारा.

गाभानमुना, दाबाच्या नोंदीत ५ ते ८ मेगापास्कलमधला उतार काढून बघा.

भेगाळ

वक्ररेषा, बरंच पटलं, पूर्ण नाही. काही भेगांचे काठ भार नसतानाच टेकलेले असतात, थोड्याशा अडकलेल्या दाबाखाली. दाबात त्या आधीपासूनच मिटलेल्या, ताणात लगेच उघडतात. अशा भेगा भरपूर असलेल्या खडकात, उदाहरणार्थ दाण्यांच्या सीमा सैल झालेला जुना संगमरवर, वक्र शून्याजवळ फार पटकन वळतो. सलग असेल, पण काही मेगापास्कलच्या आत एवढा वळतो की व्यवहारात मोडच म्हणावी. बारीक दाण्याच्या ताज्या डोलेराइटमध्ये तुमचं म्हणणं जवळजवळ पूर्ण लागू पडेल.

आणि एक प्रश्न जो आत्तापर्यंत कुणीच विचारला नाही. गाभानमुना, चकत्या त्याच कोअरच्या आडव्या कापलेल्या ना? मग दाबाचा गेज कोअरच्या अक्षाच्या दिशेने आहे आणि चकतीतला ताण अक्षाला काटकोनात. ग्रॅनाइटमध्ये भेगा सगळीकडे सारख्या पसरलेल्या नसतात. खाणकामगार दगड ज्या प्रतलावर सहज फोडतात, त्या प्रतलाला समांतर भेगा जास्त असतात. तुम्ही कदाचित दोन वेगळ्या दिशांचा खडक मोजला आहे. चकतीत भार कुठल्या व्यासावर दिला त्याची खूण ठेवली आहे का?

गाभानमुना

सगळ्यांचे आभार. जुन्या नोंदी उघडून बसलो.

वक्ररेषा, ५ ते ८ मेगापास्कलमधला उतार ३४ गिगापास्कल. २६ मेगापास्कलच्या आसपास ४४. ८० ला ५०.

भेगाळताई, ठोकळ्यावर दिशेची खूण आहे, कोअरवरही रेघ आहे, पण चकत्या लावताना रेघ वेगवेगळ्या कोनात होती. नोंदी एकत्र ठेवल्या तर स्ट्रेन चकतीगणिक बदलतो, आणि तो बदल कोनाबरोबर जातोय असं दिसतंय. ४२० ही सरासरी.

आकडेमोड

मग वरचं गणितही सुधारायला हवं. फुगवट्याचा वाटा काढताना मी ८० मेगापास्कलवरचा ५० वापरला, पण चकतीत उभा दाब २६ च आहे. ४४ घातला तर वाटा १४९ आणि ताणातला मॉड्युलस ३२. त्या पातळीवर पॉइसन ०.२५ पेक्षा कमी असणार. ०.२० धरला तर वाटा ११९ आणि मॉड्युलस २९. म्हणजे २९ ते ३२, आणि दाबातला सुरुवातीचा ३४. फरक उरला, पण ५० आणि ३० इतका नाही.

वक्ररेषा

हेच म्हणत होतो. पातळी जुळवली की बराचसा फरक विरघळतो. उरलेला भेगाळताईंचा.

जाळीदार

मूळ प्रश्नाकडे येतो, मॉडेलमध्ये काय घालायचं. ते उत्खननाभोवती कुठली अवस्था आहे त्यावर ठरतं. खोल बोगद्याभोवती सगळीकडे दाब असेल तर त्या दाबाच्या पातळीवरचा एक मॉड्युलस घाला, ताणातला विसरा. छतात आडवे थर तुळईसारखे वाकत असतील, किंवा विवरात पाण्याचा दाब वाढवून भिंत फोडायची असेल, तर ताणाची बाजू महत्त्वाची. मऊ बाजू कमी भार उचलते, म्हणून एकाच ताठर मॉड्युलसने केलेलं गणित विवराच्या भिंतीवर प्रत्यक्षापेक्षा जास्त ताण दाखवतं.

आणि खडकाच्या मोठ्या पट्ट्यात सांधे (नैसर्गिक फटी) असतात, त्यांना ताण सोसतच नाही. तिथे अखंड नमुन्याचा ३० की ३४ याने निकाल बदलत नाही, सांध्यांचा ताठरपणा बदलवतो. तुमचं मॉडेल प्रयोगशाळेतल्या नमुन्याचं आहे की उत्खननाचं?

गाभानमुना

जाड भिंतीच्या पोकळ दंडगोलाचं. आतून तेलाचा दाब वाढवून फोडायचा आहे. म्हणजे भिंतीत परिघावर ताणच.

जाळीदार

मग ५० नको. स्ट्रेसच्या पातळीबरोबर बदलणारा मॉड्युलस घाला, दाबाची नोंद आणि ताणाची नोंद जोडून मिळालेल्या वक्रावरून. तेवढी सोय प्रोग्रॅममध्ये नसेल तर ताणाला ३०, दाबाला ३४, कारण आतला दाब काही मेगापास्कलच असणार. पुढच्या नमुन्यांत परिघाची दिशा सहज फुटणाऱ्या प्रतलाच्या संदर्भात कुठे येते ते चित्रात दाखवा.

सरळताण

आणि हा वक्र जोडायचा तर एकाच नमुन्यावर शून्यातून आरपार जा. त्यासाठी मी वर सांगितलेली साखळी चालणार नाही, दाबात ती ढिली पडते. कॅप दोन्हीकडे घट्ट बोल्ट कराव्या लागतील, आणि मग प्लॅटनवाला म्हणतात तो वाकण्याचा धोका परत येतो. म्हणून कॅप चिकटवताना कोअर व्ही-आकाराच्या खोबणीत आडवा ठेवून दोन्ही टोकं एका अक्षात आणा, एपॉक्सी पूर्ण घट्ट होईपर्यंत हलवू नका. तीन गेज तर हवेतच.

आधी अधिक-उणे २ मेगापास्कलच्या छोट्या फेऱ्या करा, तिन्ही गेज एकत्र चालतात का बघा. मग दाबाला १० पर्यंत, आणि ताणाला ५ पर्यंत सर्वांत शेवटी, कारण ताणात वाढलेली भेग परत पूर्वीसारखी होत नाही.

प्लॅटनवाला

बोल्ट आवळतानाच नमुना वाकतो, हे लक्षात ठेवा. आवळण्याआधी तिन्ही गेज शून्यावर आणा आणि आवळताना आकडे बघत राहा. तिघांत १० मायक्रोस्ट्रेनहून जास्त फरक पडला तर सैल करून पातळ शिम (पत्र्याचा तुकडा) घाला. कॅप एकाच बाजूला क्रमाने न आवळता समोरासमोरचे बोल्ट आळीपाळीने, थोडे थोडे.

गाभानमुना

ठरलं. ठोकळ्यातून तीन दिशांचे नवे कोअर काढतो, रेघ मारूनच. आरपार चाचणी आधी, त्याच कोअरच्या चकत्या नंतर, आणि तुळईताईंची पद्धत उरलेल्या पट्टीवर. नोंदी इथेच टाकीन, प्रत्येक मॉड्युलससोबत स्ट्रेसची पातळी आणि दिशा लिहून.